कल्याण आर्ट, उमरगा

उमरग्याहून हैदराबादकडं निघालं की डाव्या हाताला राजशेखरचं गॅरेज लागतं. ट्रकच्या सांगाड्यावर बॉडी चढवायचं काम तिथं चालतं. बॉडी चढली की गाडी मागच्या शेडमध्ये येते आणि त्या शेडमध्ये गेली एकतीस वर्षं कल्याणप्पा बसतात. बसतात म्हणजे उकिडवे. समोर गाडीचा फाळका, हातात ब्रश, शेजारी टर्पिनचा डबा आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत त्यावर कुठल्या तरी रंगाचा चौथा पट्टा हमखास चढतो. फाळका म्हणजे ट्रकच्या मागची ती उघडझाप करणारी फळी. मागून येणाऱ्या माणसाला मैलोन् मैल तेवढंच बघत यावं लागतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांना त्रास होता कामा नये, असं कल्याणप्पांचं मत आहे.

मोर, कमळ, गरुड, गाय-वासरू, गिऱ्हाईक मागेल ते चित्र ते काढून देतात. पण कुणी "तुमच्या मनानं काढा की" म्हणालं, की फाळक्यावर बैल आलाच म्हणून समजायचं. पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, आणि डाव्या शिंगाचा शेंडा जरासा आत वळलेला. सोलापूर ते हैदराबाद असे किती बैल आज धावत असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. सगळ्यांचं डावं शिंग वाकडं. गॅरेजातला वेल्डर रणधीर तर तोंडावरच म्हणायचा, "अप्पा, तुमचा ब्रश डावीकडं लंगडतोय बगा." कल्याणप्पा नुसते हसायचे. सांगण्यासारखं काही नाही अशा थाटात ते पुढचा रंग कालवायला घ्यायचे.

सांगण्यासारखं होतं, पण ते एवढंच. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी त्यांचं घर सास्तूरला होतं आणि गोठ्यात मल्लू नावाचा बैल होता. लहानपणी भिंतीवर टक्कर मारून त्यानं डावं शिंग वाकडं करून घेतलेलं. भूकंपाच्या पहाटे मल्लूच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यानं दावं तोडलं. कल्याणप्पांचे वडील शिव्या देत त्याला धरायला बाहेर धावले, आणि बाहेर धावले म्हणून वाचले. पुढं गाव दुसऱ्या जागी वसलं, घर मिळालं, पण गोठा उरला नव्हता आणि वैरणही नव्हती. मल्लू विकावा लागला. बावीस वर्षांच्या कल्याणप्पांनीच तो बाजारात नेला आणि परत येताना त्यांच्या हातात नुसतं दावं होतं. त्यानंतर ते उमरग्याला आले आणि शंकरप्पा पेंटरच्या हाताखाली लागले.

शंकरप्पा हा उस्ताद माणूस. शिकवायचा कमी आणि ओरडायचा जास्त. कल्याणप्पांनी पहिला फाळका रंगवला, तोही बैलाचाच. उस्तादानं लांबून बघितला, जवळून बघितला आणि विचारलं, "नाव कुठाय?"

"नाव कशाला, उस्ताद? म्या कोण मोठा लागून गेलो?"

"मोठेपणासाठी न्हाय रं येड्या," शंकरप्पा म्हणाला. "चित्राबद्दल कुणाला काय इचारायचं झालं तर इचारायला माणूस सापडला पायजे. बिनानावाचं काम म्हंजे चोरीचा माल."

तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, लाल अक्षरांत 'कल्याण आर्ट, उमरगा' असं येऊ लागलं. मोबाईल आल्यावर त्याखाली नंबरही आला. चित्र संपलं, ब्रश लाल रंगात बुडाला आणि हात आपोआप कोपऱ्याकडं गेला, असं ते चालायचं. त्यात डोक्याचा काही संबंध नसायचा. एकदा श्रीदेवीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, संक्रांतीला दारात लावायची पाटी रंगवून मागितली. पाटीवर ऊस, त्यावर सुगडं आणि सुगडांखाली कल्याण आर्ट, मोबाईल नंबरसकट. वर्षभर पाहुणे विचारत होते, घर विकायला काढलंय का म्हणून.

नंबर घातला की फोन येणारच. फोन आला की कल्याणप्पा हॅलो म्हणत नाहीत. ते म्हणतात, "हां, बोला, गाडी कुठली?" कारण आजवर फोन आला तो गाडीचाच. गाडी कधी देता, रंग का उडाला, फाळक्यावर धाकट्या पोराचं नाव घालायचं राहिलं, बायको रुसली. सासरे वारल्याचा निरोप द्यायला मेव्हण्यानं फोन केला, त्यालाही त्यांनी "गाडी कुठली?" असंच विचारलं होतं. श्रीदेवी ते अजून विसरलेली नाही आणि विसरू पण देत नाही.

तर असा हा माणूस. सवयीचा गुलाम, पण भला. आणि त्याला एकच मुलगी, शिवप्रिया.

शिवप्रियाचं लहानपण टर्पिनच्या वासात गेलं. बारावीनंतर ती म्हणाली, मला ॲनिमेशन शिकायचंय. कल्याणप्पांना वाटलं कॉम्प्युटरचं काहीतरी असेल, त्यांनी मान हलवली. पुण्याच्या कॉलेजातून प्रवेश मिळाल्याचा फोन आला, तेव्हा त्या बाईंनाही पहिल्यांदा गाडी कुठली ते सांगावं लागलं. चार वर्षं गेली. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपला एक छोटा सिनेमा करायचा असतो, तो करायला शिवप्रिया कॅमेरा आणि तिवई घेऊन उमरग्याला आली आणि सरळ शेडमध्ये जाऊन उभी राहिली.

"अप्पा, तुमचा बैल चालवायचाय."

"कुठं?"

"फाळक्यावरनं उतरवून सास्तूरला न्यायचा. जुन्या गावात. आपल्या गोठ्याच्या जागी."

कल्याणप्पांनी ब्रश पुसून खाली ठेवला. मल्लूची गोष्ट त्यांनी बाहेर कुणालाच सांगितलेली नव्हती. पण पोरीला झोपवताना रोज एक गोष्ट लागायची आणि त्यांच्यापाशी गोष्ट एकच होती.

मग शिवप्रियानं समजावून सांगितलं. चित्र काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा, चित्र पुसायचं, पाय जरा पुढं घेऊन परत काढायचं, परत फोटो. असे फोटो भराभर एकापुढं एक दाखवले की बैल चालतो. एका सेकंदाला आठ चित्रं. सिनेमा पाच मिनिटांचा. म्हणजे दोन हजार चारशे बैल.

"आन् ते समदे पुसायचे?" कल्याणप्पांना बैल काढायचं काही वाटलं नाही, पुसायचं वाटलं.

शेवटी काम सुरू झालं. एक चौकोनी पत्रा, मागं रात्रीचं निळं आभाळ आणि बैल सरकेल तसा बदलणारा रस्ता, पुढं बैल. गाड्यांचं काम आटोपलं की रोज वीस-पंचवीस चित्रं. हात असा बसलेला, की सहा-सात मिनिटांत बैल उभा. कल्याणप्पा काढायचे, शिवप्रिया फोटो घ्यायची, मग टर्पिनच्या फडक्यानं बैल पुसला जायचा. पहिले आठ दिवस पुसताना ते दुसरीकडं बघायचे. नंतर सवय झाली. एवढंच काय, काढताना ते बैलाशी बोलायलाही लागले. "चल की बाबा, पाय उचल." रणधीर वेल्डिंगचा चष्मा वर करून बघायचा आणि परत खाली घ्यायचा. बापलेकीनं इतका वेळ एकमेकांशेजारी बसून काढला, तो बहुधा पहिल्यांदाच. चार महिने ती दोघं सुखात होती.

घोटाळा शिवप्रियाच्या लक्षात आला तिसऱ्याच दिवशी. कॅमेऱ्यात बघता बघता तिनं डोक्याला हात लावला.

"अप्पा, नाव कशाला घातलंय?"

"कुठं?"

कोपऱ्यात लाल अक्षरं होती. कल्याण आर्ट, उमरगा, आणि नंबर. आधीच्या चित्रातही होती. त्याच्या आधीच्या साठ चित्रांतही होती. चित्र पूर्ण झालं की नाव, हा एकतीस वर्षांचा हात. बैलाचे खूर पत्र्याच्या कडेपर्यंत यायचे, कारण रिकामा पत्रा ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. त्यामुळं पाय पुसताना नावही पुसलं जायचं आणि पुढच्या वेळी ते पुन्हा यायचं, केसभर इकडं नाहीतर तिकडं.

"बरं, आता न्हाय घालत," कल्याणप्पा म्हणाले आणि पुढच्या चित्रावर त्यांनी नाव घातलं. शिवप्रियानं त्यांना लाल रंगाची डबीच दिली नाही, तर त्यांनी काळ्यात घातलं. त्यांना स्वतःला कळायचंही नाही. तिनं बोट दाखवलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की तिलाच वाईट वाटायचं. शेवटी तिनं सांगणं सोडून दिलं. सिनेमा तयार होऊन तो पहिल्यांदा लॅपटॉपवर बघितला, तेव्हा बैल रुबाबात चालत होता आणि खाली कोपऱ्यात कल्याण आर्ट, उमरगा पाच मिनिटं अखंड थरथरत होतं.

कॉलेजात सिनेमा पास झाला. मग शिवप्रियानं तो दूरच्या एका शहरातल्या महोत्सवाला पाठवला. महिन्यानं त्यांचं उत्तर आलं. त्या वेळी ती शेडमध्येच बसली होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"काय म्हन्तेत?"

"घेतला न्हाय. म्हन्तेत, कोपऱ्यात जाहिरात हाय. नंबर काढून परत पाठवा."

कल्याणप्पांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "मग काढून टाक की."

शिवप्रियानं लॅपटॉप मिटला. "निघत न्हाय, अप्पा. घट्ट बसलंय."

कल्याणप्पांनी ते खरं मानलं. न मानायला काय झालं? इनॅमल रंग एकदा वाळला की खरवडला तर पत्रा निघतो, रंग निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? कॉम्प्युटरमध्येही तसंच असेल. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. पोरीनं चार वर्षं घासून जे केलं, त्यावर आपण आपला मोबाईल नंबर थापून ठेवला. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवर त्यांनी कमळ काढलं आणि खाली नाव घातलं नाही. ड्रायव्हर महारुद्र, जो दहा वर्षं त्यांच्याकडूनच फाळका रंगवून घेत होता, तो गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. "अप्पा, काय रागावलाव का आमच्यावर?" त्याला वाटलं, अप्पांना हे काम आपलं म्हणवत नाही. नाव घालून घेतल्याशिवाय तो हलला नाही.

दिवाळीनंतर पुण्याच्या महोत्सवाचं पत्र आलं. सिनेमा निवडला होता. विद्यार्थ्यांच्या सिनेमांत बक्षिसासाठी जे पाच काढले होते, त्यांत तो एक होता. बक्षीस समारंभाला आई-वडिलांना घेऊन या, असंही त्यात होतं.

"तुमी दोघीच जावा," कल्याणप्पा म्हणाले. "म्या येऊन काय करू? त्या नंबराकडं बगत बसू?"

"आवं, पोरीचं बक्षीस बगायचं का नंबर?" श्रीदेवीनं विचारलं. "कापडं इस्त्रीला दिलीत. गप चला."

ते गप निघाले. पहाटेच्या बसला बसून, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात, दुपारी पुण्याला पोचले. नखांतला रंग काढायला त्यांनी दोन दिवस रॉकेल वापरलं होतं. रंग निघाला नव्हता, वास तेवढा वाढला होता. श्रीदेवीनं बसमध्ये त्यांना खिडकीशी बसवलं ते त्याचमुळं. संध्याकाळी एका मोठ्या सभागृहाबाहेर ती तिघं उभी राहिली. आत-बाहेर तरुण पोरंपोरी, कुणाचे केस निळे, कुणाच्या अंगावर आजोबाचा वाटावा असा सदरा. कल्याणप्पांना निळे केस बघून मनापासून वाटलं, अस्तर न देता रंग मारलाय, टिकायचा नाही.

चहाच्या टेबलापाशी शिवप्रियाची मैत्रीण सोनाली भेटली. वाकून नमस्कार करून ती भरभर बोलायला लागली. "काका, तुमचा बैल! आमच्या वर्गात सगळे त्या बैलाचे भक्त आहेत. फक्त तो नंबर... आम्ही हिला किती सांगितलं, एका दुपारचं काम आहे, मी पुसून देते. सगळी अक्षरं निघाली असती. पण ही ऐकेल तर शपथ."

कल्याणप्पांनी कप खाली ठेवला. "निघत व्हतं?"

"हो, सहज."

शिवप्रिया तेवढ्यात तीन खुर्च्या कुठं मिळतात ते बघायला गेली होती. ती परत आली तेव्हा आई साडीचा पदर नीट करत होती आणि अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. आत जाऊन ते श्रीदेवीपासून एक खुर्ची सोडून बसले. मधल्या खुर्चीवर शिवप्रिया बसली. निवेदक बाईंनी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितलं. श्रीदेवीनं तिकडून वाकून खूण केली. कल्याणप्पांनी फोन बंद केला नाही, खिशात रुमालाखाली दाबला. राजशेखरकडं एक गाडी डिलिव्हरीला होती, तिचा फोन आला तर? कामाचा फोन बंद करायचा असतो हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

आधी पाचही सिनेमे दाखवणार होते. दिवे गेले. पहिल्यात एक म्हातारी ढगांना टाके घालत होती. दुसऱ्यात एक मासा सतत रडत होता. तिसरा कल्याणप्पांना कळला नाही, पण रंग उत्तम होते. चौथा त्यांचा होता.

अंधारात ट्रकचा फाळका दिसला. त्यावरचा बैल एवढा मोठा, की कल्याणप्पा खुर्चीत मागं सरकले. एवढा मोठा बैल त्यांनी कधी काढलाच नव्हता. बैलानं कान हलवला, एक पाय खाली टाकला आणि तो डांबरी रस्त्यावर उतरला. खाली कोपऱ्यात लाल अक्षरं थरथरायला लागली आणि सभागृहात कुठंतरी हसू फुटलं. मग आणखी चार जण हसले. कल्याणप्पांनी डोळे मिटून घेतले. हसणं थांबलं तरी त्यांनी ते उघडले नाहीत. सिनेमात बोलणं नव्हतंच, नुसते खुरांचे आवाज होते. ते खूर त्यांनी एकेक करून काढले होते, त्यामुळं बैल कुठंवर आला हे न बघता कळत होतं. आता टोलनाका. आता सास्तूरची वाट. आता पडकी भिंत, आणि भिंतीपाशी गोठ्यातली दगडी डोणी. तिथं बैल पाणी पितो. पाणी पितानाचे अडीचशे बैल त्यांनी सलग अकरा दिवस काढले होते आणि त्या अकरा दिवसांत ते घरी कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी डोळे उघडले. सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. बैलानं पाणी प्यायलं, तुटलेल्या दाव्याचा वास घेतला आणि उजाडायच्या आत तो आला तसा परत चालत जाऊन फाळक्यावर चढला. कल्याण आर्ट, उमरगा. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. पण टाळ्या पाचव्यालाही पडल्या.

मग दिवे लागले, बक्षिसं सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या बक्षिसाचं पाकीट फुटलं आणि ढगांना टाके घालणाऱ्या म्हातारीचं नाव निघालं. एक हडकुळा मुलगा स्टेजवर जाऊन रडायला लागला. शिवप्रिया जोरजोरात टाळ्या वाजवत होती. तिला खरंच आनंद झाला होता, निदान अर्धा तरी. कल्याणप्पांना मात्र आता राहवेना. ते तिच्या कानाशी वाकले.

"निघत व्हतं ते. खोटं बोल्लीस माझ्याशी."

शिवप्रियानं टाळ्या थांबवल्या. "सोनालीनं सांगितलं?"

"माझ्या नंबरानं गेलं बक्षीस तुझं. दोनदा गेलं. आन् तू पुसाय देत न्हाईस. हुच्ची!" रागावले की कल्याणप्पा कानडीत उतरतात. हुच्ची म्हणजे वेडी. पण या वेळी ते पोरीवर नाही, स्वतःवरच रागावले होते.

"बक्षीस त्या पोराचं हाय, अप्पा. म्हातारी लई भारी केलीय त्यानं," शिवप्रिया म्हणाली. पुण्यात चार वर्षं काढली तरी घरचं माणूस समोर असलं की तिची बोली घरचीच होते. "आन् नाव म्या मुद्दाम ठेवलंय. दोन हजार चारशे चित्रं तुमी काढली, त्यातलं एक तरी उरलंय का? समदी पुसली आपण. म्या माझ्या हातानं पुसली. नाव पण पुसू?"

"शेवटी नावं येतेत की पडद्यावर. तिथं टाकायचं."

"तिथं न्हाय टाकलं. तुमीच सांगताव ना शंकरप्पा उस्तादाचं? इचारायला माणूस सापडला पायजे."

"अगं कोण इचारतंय?" कल्याणप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या रांगेतले दोघं वळले. त्यांनी आवाज खाली घेतला. "एकतीस वर्षं घालूलालो नाव. गाडी इचारली, तारीख इचारली, रंग का उडाला इचारलं. चित्राचं कुणी इचारलंय कधी? एकानं तरी?"

शिवप्रियानं त्यांचा हात धरला, रॉकेलचा वास येणारा. पलीकडून श्रीदेवी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. स्टेजवर निवेदक बाई पुढचं पाकीट उघडत होत्या, सभागृह शांत झालं होतं, आणि त्या शांततेत कल्याणप्पांच्या खिशातला फोन वाजला.

कसा वाजला म्हणता! ट्रकच्या इंजिनशेजारी ऐकू यावा म्हणून पूर्ण आवाजावर ठेवलेला फोन तो. सगळं सभागृह वळलं. श्रीदेवीनं कपाळावर हात मारला. कल्याणप्पांनी रुमाल ओढला, फोन निसटला, मांडीवर पडला, त्यांनी तो दोन्ही हातांनी पकडला आणि बंद करायच्या ऐवजी हातानं त्याला जी सवय होती तेच केलं. फोन कानाला लावला.

"हां, बोला, गाडी कुठली?"

लोक हसले. निवेदक बाईसुद्धा हसल्या. फोनवर एका बाईचा आवाज होता, जरा थकलेला. "गाडी नाही हो. माफ करा, तुम्ही इथंच असाल असं मला वाटलं नव्हतं. उमरग्याला फोन वाजेल असं वाटलं." तो आवाज एका कानात फोनमधून येत होता आणि दुसऱ्या कानात समोरून. तीन रांगा पुढं, पांढरे केस बारीक कापलेली एक वयस्कर बाई कानाला फोन लावून उभी राहिली होती आणि वळून त्यांच्याकडंच बघत होती. "मी परीक्षक वगैरे कुणी नाही. बघायला आले होते. नंबर दिसला, लिहून घेतला, आणि मला धीर निघेना. एकच विचारायचं होतं."

"इचारा," कल्याणप्पा म्हणाले. ते कधी उभे राहिले ते त्यांना कळलं नाही.

"त्या बैलाचं डावं शिंग वाकडं आहे. एवढ्या चित्रांत एकदाही ते सरळ झालं नाही, मी मुद्दाम बघत होते. चुकून काढलेलं असं राहत नाही. कुणाचा बैल आहे हो तो?"

निवेदक बाईंनी हातातलं पाकीट तसंच धरून ठेवलं होतं. कल्याणप्पांचा एक हात शिवप्रियानं पुन्हा धरला होता. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि त्या बाईंकडं बघितलं.

"आमचा," ते म्हणाले. "सास्तूरचा. मल्लू म्हणायचो आमी त्याला."